दंतव्यंगोपचारातील रबरबँडची भूमिका : बल, काळ आणि रुग्णाची जबाबदारी

गोषवारा

वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात तारांच्या साहाय्याने सरळ करण्याची उपचारपद्धती आता महानगरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. दर्यापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही तारा बसविलेले विद्यार्थी वर्गात दिसू लागले आहेत. या उपचारात धातूची तार सर्वांच्या नजरेत भरते; परंतु वरच्या व खालच्या जबड्यांचे परस्परांशी नाते जुळविण्याचे काम पुष्कळदा एका लहानशा रबरी कड्याकडे सोपविलेले असते. प्रस्तुत लेखात या रबरबँडचा इतिहास, त्याचे प्रकार, त्यामागील रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व जीवशास्त्र यांचा परिचय करून दिला आहे. रबरबँडचे बल वैद्य ठरवितो, पण ते बल किती काळ लागू राहील हे रुग्णच ठरवितो, हा या लेखाचा मध्यवर्ती मुद्दा होय. त्या अनुषंगाने वऱ्हाडातील परिस्थिती व महाविद्यालयीन शिक्षकांची भूमिका यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : दंतव्यंगोपचार, रबरबँड, तारा, अस्थी-पुनर्रचना, बलक्षय, रुग्णसहकार्य, वऱ्हाड.

१. प्रस्तावना

दात हाडात खिळ्यासारखे घट्ट ठोकलेले असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्येक दात आणि त्याभोवतीचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ, जिवंत थर असतो. योग्य दिशेने, योग्य प्रमाणात व पुरेसा काळ बल लावल्यास या थराच्या माध्यमातून दात हाडातून हळूहळू सरकू शकतो. दंतव्यंगोपचारशास्त्र, म्हणजेच ऑर्थोडॉन्टिक्स, या तत्त्वावर उभे आहे.

महाराष्ट्रात या विषयाच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. भारतातील दंतव्यंगोपचार तज्ज्ञांची संघटना इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये स्थापन झाली. विदर्भात नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून कार्यरत आहे, तर वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथे १९९१ मध्ये शरद पवार दंत महाविद्यालय सुरू झाले. पुढे अमरावती येथेही विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय उभे राहिले. परिणामी जो उपचार एकेकाळी मुंबई-पुण्याला जाऊनच शक्य होता, तो दर्यापूरच्या विद्यार्थ्याला सुमारे ५० किलोमीटरवर उपलब्ध झाला.

उपचार जवळ आला, तरी त्याविषयीची समज त्याच वेगाने पोहोचली असे म्हणता येत नाही. तारा बसविल्या की दात आपोआप सरळ होतात, ही समजूत सुशिक्षित कुटुंबांतही आढळते. तारांबाबत ती काही अंशी खरी आहे. रबरबँडबाबत मात्र ती पूर्णतः चुकीची आहे. या चुकीची किंमत विद्यार्थ्याला कित्येक महिन्यांच्या वाढीव उपचाराच्या रूपाने मोजावी लागते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व हिवाळ्यात ठिसूळ होते. त्यामुळे त्याचा व्यावहारिक उपयोग मर्यादित होता. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना रबर व गंधक एकत्र तापविल्यास रबर टिकाऊ व लवचिक होते असे आढळले. १८४४ मध्ये त्यांना या प्रक्रियेचे एकस्व मिळाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८४५ मध्ये, लंडनमध्ये स्टीफन पेरी यांनी रबरबँडचे एकस्व घेतले. कागदपत्रे व पाकिटे बांधण्यासाठी निघालेली ही वस्तू होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दंतवैद्य रबरी नळीचे बारीक काप काढून दात ओढण्यासाठी वापरू लागले.

या वापराला शास्त्रीय दिशा मिळाली ती १८९० च्या दशकात. वरच्या जबड्यातील दातांपासून खालच्या जबड्यातील दातांपर्यंत रबर ताणण्याची कल्पना कॅल्व्हिन केस व हेन्री बेकर या अमेरिकन दंतवैद्यांच्या नावाशी निगडित आहे. तोपर्यंत एकाच जबड्यातील दात एकमेकांच्या आधाराने ओढले जात. आता एक जबडा दुसऱ्याचा आधार झाला. १८९९ मध्ये एडवर्ड अँगल यांनी दातांच्या परस्परसंबंधांचे तीन वर्ग मांडले. आज रबरबँड लावण्याच्या पद्धतींना जी वर्गवार नावे आहेत, त्यांचे मूळ या वर्गीकरणात आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत तारांचे धातू बदलले, ब्रॅकेट चिकटविण्याच्या पद्धती बदलल्या, पारदर्शक साचे आले. परंतु दोन जबड्यांमध्ये रबर ताणण्याची मूळ कल्पना बदलली नाही. पारदर्शक साच्यांच्या उपचारातही अनेकदा दातांवर लहान बटणे चिकटवून हेच रबरबँड वापरावे लागतात.

३. तोंडातील रबराचे प्रकार

सामान्य व्यवहारात सर्वांनाच 'रबर' म्हटले जाते, पण त्यांची कामे भिन्न आहेत. हा भेद स्पष्ट नसल्यामुळे बराच गोंधळ होतो.

(अ) विभाजक कडी : उपचाराच्या प्रारंभी दाढेभोवती धातूचा पट्टा बसवायचा असल्यास दोन दाढांमध्ये जागा करावी लागते. त्यासाठी एक लहान, जाड रबरी कडे दोन दाढांच्या फटीत साधारणतः आठवडाभर ठेवतात.

(आ) बंधक कडी : दातावर चिकटविलेल्या ब्रॅकेटच्या खाचेत तार धरून ठेवणारी ही रंगीत कडी होय. विद्यार्थी आवडीने निळा, हिरवा रंग निवडतात तो यांचाच. यांचे काम धरून ठेवण्याचे आहे. ती प्रत्येक भेटीत वैद्यच बदलतो.

(इ) साखळी : अशीच अनेक कडी एकमेकांना जोडून केलेली ही रबरी माळ असते. एकाच जबड्यातील दातांमधील फटी मिटविण्यासाठी ती वापरतात. तीही वैद्यच बसवितो व काढतो.

(ई) आंतरजबडा रबरबँड : वरच्या व खालच्या जबड्यातील हुकांमध्ये ताणले जाणारे हे सुटे कडे होय. जेवताना ते काढायचे, जेवणानंतर तोंड स्वच्छ करून पुन्हा लावायचे आणि दररोज नवे वापरायचे, ही सर्व कामे रुग्ण स्वतः करतो.

पहिले तीन प्रकार वैद्याच्या हातात आहेत; चौथा रुग्णाच्या हातात आहे. यापुढील विवेचन प्रामुख्याने या चौथ्या प्रकाराविषयी आहे.

रबरबँड कोठून कोठे लावायचा, हे दोषावर अवलंबून असते. वरचे दात पुढे असल्यास वरच्या सुळ्याच्या हुकापासून खालच्या दाढेपर्यंत तो ताणतात. ही द्वितीय वर्गाची रचना होय. खालचे दात पुढे असल्यास याच्या उलट, वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत, म्हणजे तृतीय वर्गाची रचना करतात. दाढा आडव्या दिशेने चुकीच्या बाजूस मिटत असल्यास वरच्या दाढेच्या आतील बाजूपासून खालच्या दाढेच्या बाहेरील बाजूपर्यंत तिरपा रबरबँड लावतात. तोंड मिटल्यावरही पुढील दात एकमेकांना टेकत नसतील, किंवा उपचाराच्या अखेरीस चावा नीट बसवायचा असेल, तर उभे, त्रिकोणी वा चौकोनी रबरबँड वापरले जातात. एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांचे रबरबँड वेगवेगळ्या ठिकाणी लावलेले दिसतात, त्याचे कारण हेच. मैत्रिणीचे पाहून आपला रबरबँड लावणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालण्यासारखेच आहे.

४. द्रव्याचा विचार : रसायनशास्त्राची बाजू

बहुतेक रबरबँड नैसर्गिक रबराचे असतात. रबराच्या झाडाचा चीक म्हणजे लॅटेक्स. भारतात या झाडाची लागवड मुख्यत्वे केरळात होते. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग परिसरातही ती आढळते. आयसोप्रीन या लहान रेणूच्या हजारो एककांची लांब साखळी हे या रबराचे रासायनिक स्वरूप होय. स्थिर अवस्थेत या साखळ्या गुंतलेल्या दोऱ्यासारख्या असतात. ताणल्या की त्या सरळ होतात आणि सोडल्या की पुन्हा गुंततात. गंधकाच्या प्रक्रियेने या साखळ्यांमध्ये आडवे बंध तयार होतात. म्हणूनच ताण काढल्यावर रबर मूळ आकारात परतते.

हे परतणे मात्र पूर्ण नसते. ताणलेल्या अवस्थेत ठेवलेल्या रबराचे बल काळानुसार घटत जाते. तोंडातील ओलावा, लाळ, अन्नातील आम्ले व चावण्याची सततची हालचाल यांमुळे ही घट वाढते. नैसर्गिक रबराच्या बाबतीत पहिल्या दिवसात साधारणतः १० ते ४० टक्के बल कमी होते आणि त्यातील मोठा वाटा पहिल्या काही तासांतच घडतो. साखळी व बंधक कडी पॉलियुरेथेन या कृत्रिम द्रव्याची असतात. साखळीचे बल पहिल्या २४ तासांत निम्म्याहून अधिक घटू शकते. त्यानंतर ते मंद गतीने कमी होत जाते. रबरबँड तुटला नसला तरी रोज बदलावा, असे वैद्य सांगतात ते यासाठीच. दिसायला अखंड असलेला रबरबँड बलाच्या दृष्टीने थकलेला असतो.

नैसर्गिक रबराच्या रेणूतील दुहेरी बंध ओझोन, अतिनील किरण व उष्णता यांना बळी पडतात. म्हणून रबरबँडचे पाकीट बंद, थंड व अंधाऱ्या जागी ठेवणे आवश्यक असते.

लॅटेक्समधील प्रथिनांची काहींना ॲलर्जी असते. ओठांना सूज, खाज, पुरळ किंवा श्वासास त्रास ही तिची लक्षणे होत. केळी, किवी, ॲव्होकॅडो यांसारख्या फळांची ॲलर्जी असणाऱ्यांना लॅटेक्सचीही ॲलर्जी असण्याचा संभव असतो. अशा रुग्णांसाठी लॅटेक्सविरहित रबरबँड उपलब्ध आहेत. रबरी हातमोजे वा फुगा यांमुळे पूर्वी त्रास झाला असल्यास ते उपचारापूर्वीच सांगणे हिताचे ठरते.

५. बलाचे गणित : भौतिकशास्त्राची बाजू

रबरबँडच्या पाकिटावर सामान्यतः दोन आकडे असतात. पहिला आतील व्यासाचा, इंचाच्या अपूर्णांकात. दुसरा बलाचा, औंसात. हे बल रबरबँड त्याच्या मूळ व्यासाच्या तिप्पट ताणला असता मिळते, असा संकेत आहे. उदाहरणार्थ, पाव इंची रबरबँडचा व्यास ६.३५ मि.मी. असतो. तो सुमारे १९ मि.मी. ताणला असता पाकिटावरील साडेतीन औंस, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम इतके बल मिळते. हुकांमधील अंतर याहून अधिक असेल तर बल वाढते, कमी असेल तर घटते. म्हणून वैद्य प्रथम अंतर मोजतो व मग आकार निवडतो. काही उत्पादक पाकिटांवर आकड्यांसोबत प्राण्यांची चित्रे छापतात, जेणेकरून रुग्णाला आपला प्रकार ओळखता यावा. चित्र बदलले तर बल बदलले, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

बलाला दिशाही असते. समजा, द्वितीय वर्गाचा १०० ग्रॅम बलाचा रबरबँड तोंड मिटलेले असताना आडव्या रेषेशी २० अंशांचा कोन करतो. तर आडव्या दिशेतील घटक सुमारे ९४ ग्रॅम व उभ्या दिशेतील घटक सुमारे ३४ ग्रॅम येतो. तोंड उघडल्यावर हा कोन वाढतो. तो ४० अंश झाल्यास, त्याच १०० ग्रॅम बलाचा आडवा घटक सुमारे ७७ ग्रॅमपर्यंत घटतो व उभा घटक सुमारे ६४ ग्रॅमपर्यंत वाढतो. प्रत्यक्षात तोंड उघडल्याने रबर अधिक ताणले जाते, त्यामुळे एकूण बलही वाढते. उभ्या घटकामुळे खालची दाढ किंचित वर उचलली जाते व वरचे पुढील दात खाली ओढले जातात. या उपचाराचा हा ज्ञात अनिष्ट परिणाम आहे. रबरबँड केव्हा सुरू करायचे व केव्हा थांबवायचे, हा निर्णय तज्ज्ञाचाच का असावा, हे यावरून स्पष्ट होते.

न्यूटनचा तिसरा नियम येथेही लागू आहे. रबरबँड वरच्या पुढील दातांना जितक्या बलाने मागे ओढतो, तितक्याच बलाने खालच्या दाढेला पुढे ओढतो. दाढेच्या मुळांचे क्षेत्रफळ अधिक असल्याने ती कमी हलते, परंतु मुळीच हलत नाही असे नाही. जाड तारेने खालचे सर्व दात एकत्र बांधून हा आधार बळकट केला जातो. आवश्यकता भासल्यास हाडात लहान स्क्रू बसवून त्याचा आधार घेण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे.

६. हाडाची पुनर्रचना : जीवशास्त्राची बाजू

दाताच्या मुळाभोवतीचा परिदंत तंतूंचा थर साधारणतः पाव मि.मी. जाडीचा असतो. दातावर सौम्य बल लागले की एका बाजूस हा थर दाबला जातो व विरुद्ध बाजूस ताणला जातो. दाबाच्या बाजूस अस्थिभक्षक पेशी हाड झिजवितात. ताणाच्या बाजूस अस्थिजनक पेशी नवे हाड घालतात. दात पुढे सरकतो आणि त्याचे घरही त्याच्यासोबत सरकते. अनुकूल परिस्थितीत ही गती महिन्याला सुमारे एक मि.मी. असते.

ही प्रक्रिया बल लागताक्षणी सुरू होत नाही. दाब काही तास सलग राहिल्यानंतरच पेशींमध्ये आवश्यक ते रासायनिक संदेश निर्माण होतात. हा उंबरठा मानवात दिवसाला साधारणतः चार ते आठ तासांचा मानला जातो. त्यापेक्षा कमी वापरात दात जवळजवळ हलत नाही. त्यापुढे वापराचा काळ जसा वाढतो तशी हालचाल परिणामकारक होत जाते.

अधिक बल म्हणजे अधिक वेग, हा तर्क येथे चालत नाही. बल फार वाढले तर दाबाच्या बाजूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होतात, तेथील ऊतक मृतवत होते आणि अस्थिभक्षक पेशींना हाडाच्या आतील बाजूने पोखरत यावे लागते. तोपर्यंत दात अडून राहतो, वेदना वाढतात व मुळाची टोके झिजण्याचा धोका संभवतो. आठवडाभर कंटाळा केल्यावर वैद्याच्या भेटीपूर्वी दोन-दोन रबरबँड लावणारे रुग्ण असतात. त्यांना ही माहिती असती, तर त्यांनी तसे केले नसते.

७. काळाचे गणित

वैद्य सामान्यतः दिवसाला २० तासांहून अधिक, म्हणजे जेवण व दात घासण्याची वेळ वगळता सतत, रबरबँड लावण्यास सांगतो. ३० दिवसांच्या महिन्यात हे किमान ६०० तास होतात. जो विद्यार्थी केवळ झोपताना आठ तास रबरबँड लावतो, त्याचे २४० तास भरतात. म्हणजे काम दोनपंचमांश होईल, असे त्रैराशिक मांडण्याचा मोह होतो. परंतु प्रत्यक्ष नुकसान त्याहूनही अधिक असू शकते. बल काढल्यानंतरच्या सोळा तासांत दाबलेला थर पुन्हा मूळ स्थितीकडे जाऊ लागतो आणि दुसऱ्या रात्री पुष्कळसे काम नव्याने आरंभावे लागते. दिवसातून चार वेळा तासभर लावलेला रबरबँड हा सलग चार तास लावलेल्या रबरबँडच्या तोडीचा नसतो.

एक बाजूचा रबरबँड नियमित व दुसऱ्या बाजूचा अनियमित, असे झाल्यास आणखी वेगळा प्रश्न उद्भवतो. दोन्ही बाजू विषम गतीने सरकतात व पुढील दातांची मध्यरेषा सरकते. मग तो नवा दोष दुरुस्त करण्यासाठी नवे महिने लागतात.

रुग्णाने सांगितलेले तास व प्रत्यक्ष तास यांत अंतर असते, हे काढता-घालता येणाऱ्या साधनांत सूक्ष्म संवेदक बसवून केलेल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. रबरबँडमध्ये असा संवेदक नसतो. तेथे साक्षीदार एकच, तो म्हणजे दात. पुढील भेटीत वैद्य अंतर मोजतो आणि न हललेला दात सर्व काही सांगून जातो.

८. वऱ्हाडातील परिस्थिती

हे सर्व शास्त्र सार्वत्रिक असले, तरी त्याचे पालन स्थानिक परिस्थितीतच करावे लागते. त्या दृष्टीने काही बाबी विचारात घेणे आवश्यक आहे.

पहिली बाब अंतराची. येवदा किंवा वडनेर गंगाई येथील विद्यार्थ्याला महिन्याच्या भेटीसाठी अमरावती वा अकोला गाठायचे म्हणजे एक पूर्ण दिवस खर्ची घालावा लागतो. त्यातच परीक्षा, पेरणी किंवा कापूस वेचणीचे दिवस आले की भेट टळते. भेट टळली तरी तारेचे काम काही काळ चालू राहते. पण रबरबँडचे पाकीट संपले असेल तर जबड्यांचे काम त्याच दिवशी थांबते. म्हणून भेटीच्या वेळी एक जादा पाकीट मागून घेणे हा साधा पण मोलाचा उपाय होय.

दुसरी बाब उन्हाची. अकोला-अमरावती पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो. मोटारसायकलच्या डिक्कीत, खिडकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेले पाकीट लवकर निकामी होते. माठाजवळच्या थंड कोपऱ्यात, बंद डबीत ते ठेवल्यास हा धोका टळतो.

तिसरी बाब आहाराची. हरभऱ्याचे फुटाणे, ऊस, कडक डिंकाचे लाडू यांमुळे ब्रॅकेट निघते वा हुक वाकतो. हुक गेला की रबरबँड लावायला जागाच उरत नाही आणि पुढील भेटीपर्यंतचे दिवस वाया जातात. आपल्या वरणात व भाजीत हळद असतेच. तिच्यातील पिवळ्या रंगद्रव्यामुळे पारदर्शक बंधक कडी काही दिवसांत पिवळी पडतात. दात घासत नसल्याचा आरोप त्यामुळे विद्यार्थ्यावर अनेकदा विनाकारण होतो. गडद रंगाची कडी निवडल्यास हा प्रश्न सुटतो.

चौथी बाब अधिक गंभीर आहे. विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना रगडून केलेला खर्रा खाण्याची सवय महाविद्यालयीन तरुणांपर्यंत पोहोचलेली आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी सुपारीची सवय सुटलेली नाही. सुपारीमुळे तोंडातील त्वचेखालील ऊतक कडक होऊन तोंड उघडणे कमी कमी होत जाते. मागील दाढेच्या हुकापर्यंत बोट पोहोचविणेच अशा रुग्णाला कठीण होते. शिवाय हा विकार कर्करोगपूर्व मानला जातो. तेव्हा तारांचा उपचार हे खर्रा सोडण्याचे एक सबळ निमित्त ठरू शकते.

पाचवी बाब सामाजिक आहे. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होण्यापूर्वी दात सरळ व्हावेत, या अपेक्षेने अनेकदा उशिरा उपचार सुरू केला जातो आणि मुदतही कुटुंबच ठरविते. कापसाचा चुकारा हाती आल्यावर हप्ता भरणाऱ्या घराला प्रत्येक वाढीव महिना जड जातो, हे खरेच आहे. परंतु हाडाच्या पुनर्रचनेला घाई मान्य नसते. मुदत कमी करण्याचा खात्रीचा मार्ग रुग्णाच्या हाती एकच आहे आणि तो म्हणजे सांगितलेले तास भरणे.

९. घरगुती प्रयोगांचा धोका

पुढील दोन दातांमधील फट बुजविण्यासाठी त्यांच्याभोवती दुकानातील साधा रबरबँड गुंडाळण्याचा प्रयोग काही जण घरच्या घरी करतात. समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे या प्रकाराला खतपाणी मिळते. प्रारंभी फट खरोखरच कमी होते, त्यामुळे प्रयोग यशस्वी वाटतो. परंतु दाताचे मूळ टोकाकडे निमुळते असते. ब्रॅकेट वा हुक नसल्याने रबरबँड घसरून हिरडीखाली जातो आणि मुळाच्या उतारावरून वरवर सरकत राहतो. वाटेत तो परिदंत तंतू व हाड नष्ट करतो. क्ष-किरण चित्रात रबर सहसा दिसत नाही, त्यामुळे कारण लवकर ध्यानी येत नाही. सशक्त दात सैल होऊन गमवावे लागल्याची अशी प्रकरणे दंतवैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

जी वस्तू तज्ज्ञाच्या हाती उपचार ठरते, तीच अज्ञानाच्या हाती अपाय ठरते. पाच वर्षांच्या पदवी शिक्षणानंतर आणखी तीन वर्षे या एकाच विषयाचा पदव्युत्तर अभ्यास केलेला दंतव्यंगोपचार तज्ज्ञ आणि कमी पैशांत तारा बसवून देणारी अनधिकृत व्यक्ती यांतील फरक पालकांनी ओळखावयास हवा.

१०. महाविद्यालय व शिक्षकांची भूमिका

तारा बसविलेला विद्यार्थी वैद्यासमोर महिन्यातून काही मिनिटे असतो. वर्गात मात्र तो दररोज पाच-सहा तास असतो. रबरबँडच्या २० तासांतील मोठा हिस्सा महाविद्यालयाच्या आवारातच जातो. त्यामुळे शिक्षकांचा या विषयाशी संबंध नाही, असे म्हणता येणार नाही.

प्रारंभीच्या काही दिवसांत तोंड पूर्ण उघडताना अडथळा होतो व बोलणे थोडे अडखळते. तोंडी परीक्षा, चर्चासत्र किंवा वक्तृत्व स्पर्धा आली की विद्यार्थी रबरबँड काढून ठेवतो आणि पुन्हा लावायचे विसरतो. वर्गात एखाद्याने केलेली थट्टाही यास पुरेशी होते. शिक्षकाने अशा वेळी दिलेला समजूतदार शब्द उपचारास साहाय्यभूत ठरतो. डबा खाल्ल्यानंतर चूळ भरून रबरबँड लावण्यासाठी स्वच्छ पाणी व आरसा उपलब्ध असणे, ही अपेक्षा फार मोठी नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराला निघताना विद्यार्थ्याने पाकीट सोबत घेतले आहे का, हे विचारणेही उपयुक्त ठरेल. सात दिवसांचा खंड म्हणजे किमान १४० तासांचा खंड होय.

याखेरीज, हा विषय अध्यापनासाठीही उपयोगी आहे. सदिशांचे घटक, बहुवारिकांचे गुणधर्म, अस्थिपेशींचे कार्य आणि सवयींचे मानसशास्त्र हे चार विभागांतील धडे एका रबरी कड्याच्या आधारे शिकविता येतात. विद्यार्थ्याला आपल्याच तोंडातील उदाहरणावरून शिकता आले, तर तो ते सहसा विसरणार नाही.

११. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, रबरबँड हा दंतव्यंगोपचारातील दुय्यम घटक नसून दोन जबड्यांचा मेळ घालणारा प्रमुख दुवा आहे. त्याचे द्रव्य थकते, म्हणून तो रोज बदलावा लागतो. त्याच्या बलाला दिशा असते, म्हणून त्याची जागा तज्ज्ञच ठरवितो. हाडाला सलग काळ लागतो, म्हणून तो जवळजवळ अखंड लावावा लागतो. यांपैकी पहिल्या दोन बाबी शास्त्राने बऱ्याच अंशी हाताळल्या आहेत. तिसरी बाब मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत सुटणारी नाही. ती रुग्णाच्या दैनंदिन शिस्तीवर अवलंबून आहे.

दर्यापूरसारख्या ठिकाणी उपचारासाठी पैसा, प्रवास व वेळ या तिन्ही गोष्टी कष्टाने उभ्या केल्या जातात. इतके करून उपचार अर्धवट राहावा तो केवळ रबरबँड लावण्याच्या कंटाळ्यामुळे, ही खेदाची बाब आहे. या कंटाळ्याचे मूळ बहुधा आळसात नसून माहितीच्या अभावात असते. रबरबँड का लावायचा हे ज्याला समजले, त्याला तो लावण्याची वारंवार आठवण करून द्यावी लागत नाही. ही समज विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य वैद्यांइतकेच शिक्षकांनाही करता येण्याजोगे आहे.